म्यानाची पूजा

सदाशिवरावांना ज्याचा वीट आलेला नाही अशी गोष्ट अख्ख्या म्हैसुरात शोधून सापडली नसती. दसऱ्याच्या रोषणाईचा त्यांना वीट होता, कारण बल्ब लावले की मागची पोपडे आलेली भिंत कोणी बघत नाही. लग्नाच्या हसऱ्या फोटोंचा वीट होता. गोडबोल्या माणसांचा तर इतका, की कोणी फार लाडीगोडी लावली तर घरी आल्याबरोबर ते न्हाणीत जाऊन खळखळून चूळ भरत.

"बोलला तो, आणि चूळ तुम्ही का भरता?" गोदावरीबाई विचारत.

"कान खळबळून धुता येत नाहीत म्हणून," ते म्हणत.

हा स्वभाव लहानपणीच पडला. लष्कर मोहल्ल्यातलं त्यांचं घराणं महाराजांच्या घोडदळातलं. घोडी गेली, महाराजांचं राज्य गेलं, राज्यांची पुनर्रचना होऊन नकाशा बदलला, आणि शिपायांचे नातू कचेऱ्यांतून कारकुनी करू लागले. त्यांचे वडील मानाजीराव त्यांतलेच एक. पण घरात एक तलवार होती. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी ती पाटावर यायची, म्यानासकट. पणजोबांच्या वेळी तिला काहीतरी झालं होतं म्हणत. भंगलेलं हत्यार पूजेला चालत नाही, म्हणून त्यांनी ते म्यानात घातलं, आणि तेव्हापासून गंध, कुंकू, शेवंतीची माळ, सगळं म्यानाला. सात-आठ वर्षांच्या सदाशिवाने एकदा विचारलं, "आत काय आहे?" मानाजीरावांनी कानाखाली वाजवली. देवाच्या वस्तूची परीक्षा घेऊ नये, एवढंच उत्तर मिळालं.

त्या थपडेचा सूड सदाशिवरावांनी जन्मभर उगवला. वडील गेले, तलवार त्यांच्या वाट्याला आली, तरी दर नवमीला आरती आटोपली की ते बाहेरून ओरडत, "झाली का म्यानाची पूजा?" गोदावरीबाईंनी त्याकडे लक्ष देणं केव्हाच सोडलं होतं.

शिकून ते इंजिनियर झाले आणि त्यांनी काम निवडलं तेही असं, की ज्यात वरून छान दिसणाऱ्या गोष्टींवर जन्मभर संशय घेता यावा. पातळ पत्र्याची मोठी बांधकामं, टाक्या, चिमण्या, धान्याच्या कोठ्या, कोणत्या भाराला एकाएकी मुडपतील याचा हिशेब ते करत. या धंद्यात त्याला बकलिंग म्हणतात. लोखंड तुटत नाही, झिजत नाही, नुसतं आपला आकार सोडून देतं. थंड पेयाचा रिकामा कॅन उभा ठेवून त्यावर अलगद एक पाय द्या, तो तोलून धरतो. कोणी बाजूने बोट टेकवलं की फस्‌कन बसतो. भार तोच, माणूस तोच, फक्त एक बोट. हे सदाशिवराव नव्या पोरांना प्रत्यक्ष करून दाखवत, आणि मग म्हणत, "ते बोट शोधायचं. आपलं काम एवढंच."

तरुणपणी पंचकार्डांची खोकी काखेत मारून ते बंगळूरला गणकयंत्रासमोर रांगेत उभे राहिले होते. पुढे यंत्र टेबलावर आलं, पण हिशेबाची रीत तीच राहिली. पत्रा मनाने हजारो लहान तुकड्यांत चिरायचा, प्रत्येक तुकड्याची समीकरणं मांडायची आणि सगळ्यांना मिळून विचारायचं, बाबांनो, किती भाराला तुम्ही आकार सोडाल? यात दोन रस्ते होते. पहिल्यात पत्रा निर्दोष धरायचा, आरशासारखा गोल. उत्तर एका फटक्यात मिळतं आणि नेहमी गोड असतं. दुसऱ्या रस्त्याला आधी प्रत्यक्ष जाऊन पत्र्याचे पोचे आणि वेल्डिंगने आलेले वाक मोजून आणायचे, ते हिशेबात घालायचे, आणि मग भार थोडा थोडा चढवत न्यायचा. मध्येच समीकरणं सुटेनाशी होतात, यंत्र हटून बसतं, तेव्हा भार मागे घेत, वळसा घालत वाट काढावी लागते. आठवडे जातात. आणि पहिल्या रस्त्याने दहा हत्तींचं बळ मिळालेला पत्रा दुसऱ्या रस्त्याने तीन हत्तींतच गुडघे टेकतो.

पहिल्या रस्त्याची त्यांना शिसारी होती. शिसारी हा त्यांचाच शब्द.

निवृत्तीनंतर ते म्हैसूरलगतच्या हूटगळ्ळीत प्राणेशच्या ऑफिसात जाऊ लागले. प्राणेश हा त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, हुशार, चटपटीत आणि तोंडात खडीसाखर. त्याने परदेशी सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते पहिल्या रस्त्याचं उत्तर रंगीत चित्रात काढून द्यायचं. मुडपलेली कोठी त्यात निळ्या-लाल पाकळ्यांचं कमळ उमलावं तशी दिसे. गिऱ्हाईक ते चित्र बघूनच खूश होई.

"राव, किती चंद, किती छान दिसतंय नोडी, बघा की," प्राणेश म्हणे.

"मेलेल्या माणसाला पावडर लावल्यावर पण चंद दिसतं."

"तुम्ही उगी रागावता. दोन्ही रिपोर्ट देऊ की. चित्र माझं, सही तुमची."

यातली सहीची गोष्ट खरी होती. सदाशिवरावांची सही असली की लोक डोळे मिटून भार चढवत. त्यांनीच ही सवय लावली होती. कागदावर माझी सही नसेल तर कोणी तोंडाने काही सांगितलं तरी भरू नका, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. माणसाच्या तोंडावर त्यांचा विश्वास नव्हता. मोजून, हिशेब करून लिहिलेल्या कागदावर होता.

अशात म्हैसूरपासून तासाभरावरच्या कृष्णराजनगरच्या सत्यनारायण शेट्टींचं काम आलं. शेट्टींची भातगिरणी, आणि गिरणीच्या आवारात त्यांनी नवा सायलो उभारला होता, म्हणजे भाताची चार मजली उंच, गोल, लोखंडी कोठी. बांधणारा कंत्राटदार मध्येच बदलला होता, कागद धड नव्हते, आणि सुगीत भात भरण्याआधी शेट्टींना कोणा जाणत्याची सही हवी होती. गोण्यांच्या राशीपेक्षा अशी कोठी वेगळी असते. आतलं भात भिंतीला घासत खाली बसतं आणि भिंतीलाही आपल्याबरोबर खाली दाबतं. सगळा दाब बुडाशी एकवटतो. त्या बुडाशीच, भात बाहेर सोडायच्या झडपेजवळ, वेंकोबा दिवसभर उभा राहणार होता. हा वेंकोबा तिथला झडपवाला. आपल्यापैकीच, कृष्णराजनगरच्या जुन्या मराठी घरातला, भाबडा, सतत हसणारा गडी. सदाशिवरावांना हसणाऱ्या माणसांचा तिटकारा, पण वेंकोबाचा येत नसे. तो फायद्यासाठी हसत नाही, असं ते म्हणत.

मोजमापाला जायचा दिवस नेमका आयुधपूजेचा निघाला. शेट्टींचा हट्ट, शुभ दिवशी सुरुवात व्हावी. सदाशिवराव गाडीतून उतरले तेच नाक मुरडत. आवारात केळीचे खांब बांधले होते, ट्रॅक्टरांना माळा घातल्या होत्या, फाटकात फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवाने लाल झालेला चिखल झाला होता आणि त्यात कोहळ्यात भरलेली चिल्लर वेचायला पोरं लोळत होती. उदबत्ती, डिझेल आणि केसरीभाताचं तूप यांचा मिळून असा एक वास सुटला होता की त्यांनी रुमाल नाकाशी धरला. आणि मध्ये तो सायलो. चंदेरी रंगाने नुकताच न्हाऊन निघालेला, छातीएवढ्या उंचीवर हळदीकुंकवाचे पट्टे ओढलेला. नव्या नवरीसारखा, असं शेट्टी कौतुकाने म्हणाले. सदाशिवरावांना तिथेच चूळ भरावीशी वाटली.

त्यांची मोजायची रीत ठरलेली होती. कोठीच्या गोलाईबरहुकूम कापलेली लांब लाकडी फळी पत्र्याला लावून सरकवत न्यायची. जिथे फट दिसेल तिथे पोचा. आणि पाठोपाठ लहान हातोडीने ठोकत जायचं. नुसतं लोखंड ठण्ण वाजतं. मागे-पुढे दुसरं काही असलं की आवाज बसका येतो. फळी डोळ्यांसाठी, हातोडी कानांसाठी.

फळी त्यांच्या हातात होती. हातोडी पिशवीत होती, आणि पिशवी वेंकोबाने गाडीतून उतरताच प्रेमाने काढून घेतली होती. पाच मिनिटांनी बघतात तो गिरणीच्या पाने-पकडींच्या रांगेत त्यांची हातोडी गंध लावून, फूल वाहून पाटावर बसलेली.

"ती आण इकडे," सदाशिवराव म्हणाले.

वेंकोबाचा चेहरा उतरला. "रावसाहेब, पूजेला बसलेलं आयुध आज उचलायचं नसतंय की. उद्या विसर्जन झाल्यावर उचलू. बेडा, आज नको."

"मला काम आहे, वेंकोबा."

भटजी वळून बघायला लागले. शेट्टी हात जोडून पुढे आले. चार बाया पदर सावरत उठून उभ्या राहिल्या. आता वाद घालायचा म्हणजे या सगळ्यांशी, या धुरात, या तुपाच्या वासात, अर्धा तास. नाहीतर उद्या परत यायचं, म्हणजे पुन्हा हेच हसरे चेहरे. सदाशिवरावांना इतका उबग आला की त्यांना फक्त तिथून निघायचं होतं. त्यांनी फळी उचलली आणि एकट्याने सबंध कोठी फिरून मोजली. फळी सगळीकडे चिकटून बसली. वेल्डिंगच्या शिवणींपाशी थोड्या फटी आल्या, त्या त्यांनी लिहून घेतल्या. काम चांगलं झालंय, त्यांना वाटलं, या भोंदू लोकांच्या मानाने फारच चांगलं. केसरीभाताचा द्रोण हातात कोंबायला लोक येईपर्यंत ते गाडीत बसले होते. हातोडी वेंकोबाने दुसऱ्या दिवशी बसने पाठवली.

मग त्यांनी दुसऱ्या रस्त्याचा हिशेब केला, प्रामाणिकपणे, महिनाभर. मोजलेली प्रत्येक फट पत्र्यात घातली. भार चढवला, यंत्र अडलं, मागे आले, पुन्हा चढवला. उत्तर आलं की पूर्ण भरल्यावर जो भार येईल त्याच्या दीडपट भार कोठी पेलते. प्राणेशच्या गोड उत्तरापेक्षा ते कितीतरी कमी होतं, आणि म्हणूनच सदाशिवरावांना खरं वाटलं. त्यांनी सही केली. प्राणेशने वर आपलं कमळ छापलं.

डिसेंबरात एका सकाळी वेंकोबा हूटगळ्ळीच्या ऑफिसात हजर झाला. कामाला म्हैसुरास आला होता, येताना रावसाहेबांसाठी अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांची पिशवी घेऊन आला. शेंगांचा तो ओला, तेलकट वास खोलीभर पसरला. भरणी कालपासून चालू झाली, त्याने आनंदाने सांगितलं. निम्मी कोठी भरलीसुद्धा. दुपारी परत जाऊन तो झडपेवर उभा राहणार होता.

"तुमची सही आमच्या मालकांनी फ्रेम करून लावली, रावसाहेब. त्या रंगीत फुलासकट. रोज कुंकू लावतात."

सदाशिवरावांनी तोंड वाकडं केलं. वेंकोबाला वाटलं, त्यांना अजून थोडं कौतुक हवंय. भला माणूस, त्याने मनापासून केलं.

"आणि तुम्ही येणार, पूजा हाय, म्हणून किती राबलाव आम्ही. क्रेनचा आकडा लागून खाली हा एवढा खड्डा पडला होता पत्र्याला. परातीएवढा. भंगलेल्या वस्तूला कुंकू कसं लावायचं, सांगा. मी आणि पेंटर दोन रात्री पुट्टी भरत होतो. अशी घासली, अशी घासली, की तुमच्या फळीलासुद्धा कळलं नाही!"

तो हसला. सदाशिवराव हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठे?"

"झडपेच्या वर. छातीएवढं. तिथेच तर कुंकवाचा पट्टा ओढला."

सदाशिवरावांनी शेंगांची पिशवी बाजूला सारली. मग त्यांनी यंत्र चालू केलं, जुना हिशेब काढला आणि त्यात परातीएवढा खड्डा घातला, चार बोटं खोल, झडपेच्या वर. या वेळी यंत्राला फार वेळ लागला नाही. भार पाऊण कोठीपाशी आला आणि समीकरणं कोसळली. पत्र्याने आकार सोडला होता. पडद्यावर दीडपट ताकद नव्हती, एकपटही नव्हती.

महिनाभर त्यांनी पुट्टीचा हिशेब केला होता. ज्यांना ते नावं ठेवत होते त्यांनी पत्रा निर्दोष निदान नुसता गृहीत धरला होता. सदाशिवरावांनी तो निर्दोष असल्याचं मोजून, सही करून दिलं होतं. आणि का? तर एका पाटावरची हातोडी उचलायला चार माणसांशी बोलावं लागलं असतं म्हणून. त्यांना स्वतःच्या अंगाचाच वास आल्यासारखं झालं.

"वेंकोबा, तू झडपेवर जायचं नाहीस," ते म्हणाले. "चल, गाडीत बस."

गिरणीला फोन लागत नव्हता. प्राणेश मागून धावत आला. "राव, जरा सावकाश. आपण आता चुकलं म्हणायचं? ऑफिसचं नाव जाईल. एक पत्र पाठवू, नीट शब्दांत..."

सदाशिवरावांनी त्याच्या तोंडावर गाडीचं दार लावलं.

कृष्णराजनगरला पोचले तेव्हा भात वर चढवणारा पट्टा खडखडत होता. कोठी निम्म्याच्या वर गेली होती. शेट्टी नमस्कार करत बाहेर आले. सदाशिवरावांनी नमस्कार घेतला नाही. पिशवीतून हातोडी काढली आणि सरळ कुंकवाच्या पट्ट्याशी गेले. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. आत भात असल्याने आवाज जरा दबका, पण लोखंडाचाच. एक पाऊल पुढे. थप.

त्यांनी पुन्हा ठोकलं, जोरात. चंदेरी रंगाचा एक मोठा पापुद्रा सुटून खाली पडला, त्यामागून पिवळट पुट्टीचं ढेकूळ, आणि लोखंडातला तो खड्डा उघडा पडला.

"भरणी बंद करा," ते म्हणाले. "कोठी मुडपेल."

शेट्टींना खड्ड्यापेक्षा उकललेल्या रंगाचं वाईट वाटलं. ते शांतपणे कन्नडात म्हणाले, "राव, निम्मी भरली, काही झालं नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग बघा. आणि तुम्हीच लिहून दिलंय ना, पूर्ण भरा म्हणून?"

"ते चुकलंय. मी सांगतोय ना आता."

"तुम्हीच म्हणाला होता," शेट्टी म्हणाले, आणि त्यात जराही खवचटपणा नव्हता, "की तोंडाने कोणी काही सांगितलं तरी ऐकू नका, कागद बघा. कागद आत आहे."

पट्टा खडखडतच होता. सदाशिवराव तसेच ऑफिसात घुसले. खुर्चीच्या मागे भिंतीवर त्यांचा कागद होता, सोनेरी फ्रेमीत, वर प्राणेशचं कमळ, खाली त्यांची सही आणि काचेवर कुंकवाचे थर. त्यांना कागद बाहेर काढून सही खोडायची होती, एवढंच. त्यांनी फ्रेम ओढली. खिळा भिंतीतून सुटला, फ्रेम हातातून निसटली आणि फरशीवर काचेचा चुरा झाला. कुंकू सगळीकडे सांडलं.

शेट्टी दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पूजेतली वस्तू फुटली, तीही भरणीच्या दुसऱ्या दिवशी, तीही ज्याची सही त्याच्याच हातून. खड्डा बघून जे झालं नव्हतं ते काच बघून झालं.

"अय्यो," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन ओरडले, "निल्लिसु! बंद कर, बंद कर!"

पट्टा थांबला. सदाशिवराव काचेच्या चुऱ्यात उभे होते. जन्मभराचा हिशेब, हजारो तुकड्यांची समीकरणं, मागे घेत घेत काढलेल्या वाटा, आणि भात थांबलं ते एका अपशकुनाने.

आता भात काढायचं होतं, आणि ते जास्त वाईट. कोठी रिकामी होताना भात भिंतीला आणखी जोराने घासत खाली येतं. भात भरताना टिकलेला पत्रा भात काढताना बसतो. हे त्यांनी शेट्टींना सांगितलं, आवारातून सगळ्यांना फाटकाबाहेर घालवलं आणि म्हणाले की झडप थोडी थोडी, अगदी सावकाश उघडायला हवी. वेंकोबा सवयीने पुढे झाला.

"तू नाही," सदाशिवराव म्हणाले.

"मग कोण, रावसाहेब? माझं कामच की ते."

"सही कोणाची आहे?"

त्यांनी झडपेचं चाक हातात घेतलं. छातीसमोर तो खड्डा होता, अगदी हाताला लागेल एवढ्यावर, कडेला हळदीचा पट्टा अजून शिल्लक. भात सुरू झालं तसा पत्रा आतून कुरकुरायला लागला. प्रत्येक कुरकुरीला सदाशिवराव चाक थांबवत, कान लावत, पुन्हा सोडत. घाम, भुसा आणि भीती यांनी अंग खाजत होतं. फाटकापलीकडे वेंकोबा हात जोडून उभा होता. आज पहिल्यांदाच तो हसत नव्हता. दुपार कलायला लागली तेव्हा भाताची पातळी खड्ड्याच्या खाली आली आणि कुरकुर थांबली. सदाशिवरावांनी चाक सोडलं. बोटं सरळ होत नव्हती.

काही पडलं नाही, कोणी मेलं नाही, म्हणून गोष्ट लगेच गुळगुळीत झाली. त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. कोणी म्हणालं देवीने काच फोडून इशारा दिला. शेट्टींनी शांतीचा होम ठरवला आणि नव्या कंत्राटदाराला पत्रा बदलायला सांगितलं. प्राणेशचा फोन आला, आता तो लागला, की चांगलंच झालं, आपण वेळेवर लक्षात आणून दिलं असं रिपोर्टात घालू. आपण! वेंकोबा पाया पडायला वाकला. सदाशिवरावांनी त्याला उठवलं. त्याचा राग करायला त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं. त्याने देवाला चांगलं दिसावं म्हणून खड्डा भरला होता, आणि मनात काळंबेरं नव्हतं म्हणून आपल्या तोंडाने सांगूनही टाकलं होतं.

संध्याकाळी ते लष्कर मोहल्ल्यात घरी आले. थेट न्हाणीत जाऊन त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. मग तसेच ओल्या तोंडाने देवघरात गेले आणि फडताळाच्या वरच्या खणातून तलवार काढली.

गोदावरीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "आज काय आयुधपूजा हाय काय? काय करायलात?"

त्यांनी तलवार समईच्या उजेडात धरली. म्यानावर कुंकवाचे थर वाळून दगड झाले होते. लहानपणीच्या थपडेनंतर त्यांनी दर वर्षी टोमणा मारला होता. वडिलांना हसले, भटजींना हसले, बायकोला हसले, म्यानाची पूजा, म्यानाची पूजा. तलवार त्यांच्या मालकीची होऊन वीस वर्षं झाली होती. हात कोणी धरला नव्हता. आणि या वीस वर्षांत एकदाही त्यांनी ती उपसून बघितली नव्हती.

"गोदा, तेल आण," ते म्हणाले.

त्यांनी म्यानाच्या तोंडाशी तेल सोडलं, पायात म्यान धरलं आणि मुठीला दोन्ही हातांनी हिसका दिला. काही झालं नाही. गोदावरीबाई खाली बसल्या आणि त्यांनी म्यान दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दुसऱ्या हिसक्याला करकरत ती सुटली. तांबेऱ्याचा तपकिरी भुगा त्यांच्या मांडीवर सांडला. पातं वीतभरच होतं. पुढे काही नव्हतं. पणजोबांनी मूठ आणि वीतभर लोखंड म्यानात बसवून दिलं होतं, आणि चार पिढ्या त्यापुढे नमस्कार करत आल्या होत्या.

गोदावरीबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आता नवमीला पाटावर काय ठेवायचं?"

सदाशिवरावांनी तो गंजका तुकडा हातात घेतला. म्यान त्यांनी उचलून कोपऱ्यात, झाडूशेजारी उभं केलं.

"हेच," ते म्हणाले. "जेवढं आहे तेवढं."